रसायनशास्त्राची प्रमाणित परीक्षा : गुण नेमके कुठे गळतात आणि तयारी कशी करून घ्यावी?

समतोल
हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत रसायनशास्त्राची जी प्रमाणित परीक्षा असते, म्हणजे एक भाग बहुपर्यायी, एक भाग लेखी उत्तरांचा, वेळ ठरलेली आणि सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, तिच्या तयारीसाठी हा धागा. शिकवणाऱ्यांनी, उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी, घरी अभ्यास घेणाऱ्यांनी, सगळ्यांनी लिहावं. विनंती एकच. 'भरपूर सराव करा' एवढ्यावर थांबू नका. कोणता सराव, किती, आणि चुकलं तर का चुकलं, ते सांगा.

सुरुवात निदानापासून करतो. परीक्षेच्या साधारण १२ आठवडे आधी एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवून घ्यावा. वेळ संपली की पेपर ओढून घ्यायचा नाही. पेनाचा रंग बदलायला सांगायचं आणि उरलेलं सोडवू द्यायचं. निळ्या शाईचे गुण वेगळे मोजायचे, हिरव्या शाईचे वेगळे. निळ्यात ४५ आणि हिरवी धरून ७० होत असतील तर त्या मुलाला विषय येतो, वेग येत नाही. निळ्यात ४५ आणि एकूण ४८ असतील तर वेगाचे धडे देऊन काहीही होणार नाही, आधी विषय बसवायला हवा. दोघांचा १२ आठवड्यांचा अभ्यास पूर्ण वेगळा असतो. बहुतेक ठिकाणी मात्र दोघांना एकच सरावसंच दिला जातो.

मग प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहायचं. सं – संकल्पनाच चुकली. ए – एकक किंवा रूपांतर. हि – आकडेमोड. वा – प्रश्न नीट वाचला नाही. ले – माहीत होतं, पण उत्तरात उतरलं नाही. 'सिली मिस्टेक' हा शब्द वहीतून कायमचा काढून टाका. तो शब्द लिहिला की मूल चुकीकडे परत बघत नाही. 'सिली' म्हणून सोडलेल्या चुका अक्षरं लावून मोजल्या की त्यातल्या बऱ्याच ए आणि वा मध्ये पडतात, आणि त्या दोन्ही सवयीने सुधारतात.

चंबू
दोन रंगांच्या शाईची पद्धत उत्तम. मी मोल (पदार्थाचे कण मोजायचं एकक) आणि समीकरणांच्या गणितांवर लिहितो, कारण पुढचं सगळं, वायू, अनुमापन (माहीत संहतीच्या द्रावणाने अज्ञात द्रावणाची संहती काढणं), उष्णता, विद्युतरसायन, ह्याच पायावर उभं असतं.

मर्यादी अभिक्रियाकारकाचं (जो आधी संपतो आणि किती पदार्थ तयार होणार ते ठरवतो, त्याचं) गणित सूत्राने शिकवू नये, तक्त्याने शिकवावं. समीकरणाखाली तीन ओळी काढायच्या : आधी, बदल, नंतर. तिन्ही ओळींत फक्त मोल लिहायचे. ग्रॅम, लिटर, मोलर ह्यांना तक्त्यात प्रवेश नाही. ग्रॅमचे मोल तक्त्याच्या वर करायचे, मोलचे ग्रॅम तक्त्याच्या खाली. 'बदल' ह्या ओळीतले आकडे समीकरणातल्या सहगुणकांच्या प्रमाणात असतात. 'आधी' आणि 'नंतर' मधले तसे असायलाच हवेत असं नाही. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मे गोंधळ मिटतात.

उदाहरण. १०.० ग्रॅम नायट्रोजन आणि ३.०० ग्रॅम हायड्रोजन. नायट्रोजन ०.३५७ मोल, हायड्रोजन १.४८८ मोल. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे ०.३५७ ला १.०७१ लागेल. हायड्रोजन त्याहून जास्त आहे, म्हणून नायट्रोजन आधी संपतो. अमोनिया ०.७१४ मोल, म्हणजे १२.२ ग्रॅम. उरलेला हायड्रोजन ०.४१७ मोल, म्हणजे ०.८४ ग्रॅम. पडताळा : १२.१६ आणि ०.८४ मिळून १३.००. सुरुवातीलाही १३.०० ग्रॅमच होतं. वस्तुमानाचा हा पडताळा २० सेकंदांत होतो आणि आकडेमोडीच्या बहुतेक चुका जागच्या जागी पकडतो. तो प्रत्येक गणिताखाली लिहायला लावा.

अवक्षेप
तक्त्याशी पूर्ण सहमत. उदाहरण मात्र बदला असं सुचवेन. तुमच्या गणितात नायट्रोजनचे मोल कमी आहेत आणि तोच मर्यादी आहे. 'ज्याचे मोल कमी तो मर्यादी' असा चुकीचा नियम डोक्यात असलेल्या मुलाचं उत्तरही इथे बरोबर येईल, आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. सरावाचं गणित असं हवं की दोन्ही चुकीचे नियम ('कमी ग्रॅम' आणि 'कमी मोल') तिथे तोंडघशी पडतील.

हे घ्या. २ मोल ॲल्युमिनियम आणि ३ मोल क्लोरीन वायूपासून २ मोल ॲल्युमिनियम क्लोराइड. द्या १०.८ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ३५.४५ ग्रॅम क्लोरीन. मोल झाले ०.४०० आणि ०.५००. क्लोरीनचे ग्रॅमही जास्त, मोलही जास्त, तरी मर्यादी तोच. कारण ०.४०० मोल ॲल्युमिनियमला ०.६०० मोल क्लोरीन लागतो आणि आहे ०.५००. तयार होतं ०.३३३ मोल क्लोराइड, म्हणजे ४४.४ ग्रॅम. ॲल्युमिनियम ०.०६७ मोल, म्हणजे १.८० ग्रॅम उरतं. बेरीज ४६.२, सुरुवातीची ४६.२५.

हेच तत्त्व सगळ्या सरावाला लागू आहे. चुकीच्या विचारानेही बरोबर उत्तर देणारं गणित निदानासाठी निरुपयोगी असतं.

चंबू
मान्य. माझं उदाहरण तक्ता मांडायला शिकवण्यापुरतं ठीक, परीक्षा घ्यायला तुमचं. वायू हायड्रोजन किंवा क्लोरीन असला की अणुभार घ्यायचा की रेणुभार, ही चूकही तुमच्या गणितात उघडी पडते. क्लोरीनचा ३५.४५ धरला तर १.०० मोल येतात आणि ॲल्युमिनियम मर्यादी ठरतं. ३५.४५ हा आकडा मुद्दाम घेतलेला दिसतो!

आम्लारी
एक शंका. अनुमापनात 'पहिली संहती गुणिले पहिलं आकारमान बरोबर दुसरी संहती गुणिले दुसरं आकारमान' हे सूत्र मुलांच्या तोंडी बसलेलं असतं. वेळ वाचतो म्हणून ते राहू द्यावं की काढून टाकावं?

ब्युरेट
काढून टाकावं. निदान अनुमापनातून तरी. ते सूत्र विरलीकरणाचं आहे, कारण पाणी घातल्यावर मोल बदलत नाहीत. अनुमापनात ते फक्त १ ला १ प्रमाण असेल तेव्हाच चालतं. २०.० मिलिलिटर ०.१०० मोलर सल्फ्युरिक आम्लाला ०.१०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? सूत्र सांगतं २०.०. खरं उत्तर ४०.०, कारण एका आम्लाच्या रेणूला दोन हायड्रॉक्साइड लागतात. बहुपर्यायी प्रश्नात २०.० हा पर्याय हमखास असतो. प्रश्न काढणारा तो ह्याच मुलासाठी ठेवतो.

त्याऐवजी तीन पायऱ्या : ज्याची संहती आणि आकारमान दोन्ही माहीत त्याचे मोल, समीकरणातून दुसऱ्याचे मोल, मग आकारमानाने भागा. १५ सेकंद जास्त जातात आणि कुठेच फसत नाही.

प्रयोगशाळेचे प्रश्न हा ह्या परीक्षांतला गुण देणारा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणून सविस्तर लिहिते. प्रश्न साधारण असा असतो : 'विद्यार्थ्याकडून अमुक चूक झाली. काढलेली संहती खरीपेक्षा जास्त येईल, कमी येईल, की तीच राहील? कारण द्या.' ह्याला साखळीने उत्तर द्यायला शिकवावं : कोणती चूक, तिने कोणतं मोजमाप कुठल्या दिशेला सरकलं, ते मोजमाप सूत्रात कुठे बसतं, अंतिम उत्तर कुठल्या दिशेला गेलं. मधली एक कडी गाळली तरी गुण जातात. मुलं पहिली आणि शेवटची कडी लिहितात, मधल्या दोन मनातच ठेवतात.

चंबूत अज्ञात आम्ल आणि ब्युरेटमध्ये माहीत संहतीचं अल्कली, असं धरून :

ब्युरेट फक्त पाण्याने धुतली, अल्कलीच्या द्रावणाने विसळली नाही. आत राहिलेल्या पाण्याने अल्कली पातळ झालं, तेच मोल द्यायला जास्त आकारमान लागलं. हिशेबात आपण मूळ संहती धरतो, म्हणून अल्कलीचे मोल जास्त, आम्लाची संहती जास्त.

पिपेट पाण्याने धुतली, आम्लाने विसळली नाही. चंबूत आम्ल कमी गेलं, अल्कली कमी लागलं, संहती कमी.

चंबू पाण्याने ओला होता. काहीच फरक नाही. आम्लाचे मोल पिपेटने ठरवले, पाण्याने ते बदलत नाहीत. इथे मुलं हटकून 'संहती कमी येईल' लिहितात. चंबूतली संहती कमी होते हे खरं, पण आपण मोजतो मोल.

ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता आणि अनुमापनाच्या मध्येच निघून गेला. बुडबुड्याची जागा भरायला गेलेलं द्रावण चंबूत पोहोचलंच नाही, पण वाचनात मोजलं गेलं. संहती जास्त.

नरसाळं ब्युरेटवरच राहिलं आणि त्यातून थेंब आत पडले. शेवटची पातळी जितकी खाली जायला हवी तितकी गेली नाही, आकारमान कमी वाटलं, संहती कमी.

ही पाच उदाहरणं पाठ करून घेऊ नका. साखळी चारदा तोंडी म्हणवून घ्या आणि मग उलटं विचारा : अज्ञात द्रावण ब्युरेटमध्ये आणि माहीत असलेलं चंबूत असेल तर? वापरलेलं आकारमान आता भाजकात जातं, त्यामुळे बुडबुड्याची दिशा उलटते. जे मूल हे सांगू शकतं त्याला प्रयोग समजला आहे.

वाचनाबद्दल. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतील तर वाचन दोन दशांशांपर्यंत लिहायचं, २३.४० असं. शेवटचा अंक अंदाजाचा, पण तो लिहायचाच. '२३.४' लिहिलं तर उपकरणाने दिलेली अचूकता आपण फेकून दिली.

दर्शक
ब्युरेट, प्रतिसाद जपून ठेवतो आहे. त्याला जोडून अनुमापनाचा वक्र. सौम्य आम्ल आणि तीव्र अल्कलीच्या वक्रावर चार बिंदू असतात आणि चारही ठिकाणी गणित वेगळं असतं. मुलं एकच पद्धत चारही ठिकाणी लावतात. २५.० मिलिलिटर ०.१०० मोलर ॲसिटिक आम्ल, ०.१०० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, आम्लाचा स्थिरांक ०.००००१८ :

० मिलिलिटर : फक्त सौम्य आम्ल, पीएच २.८७.
१२.५ मिलिलिटर : अर्धं आम्ल उरलं, अर्ध्याचा ॲसिटेट झाला. पीएच बरोबर पीकेए (आम्लाच्या स्थिरांकाचा उणे लॉग), ४.७४. इथे गणितच नाही, फक्त ओळखायचं.
२५.० मिलिलिटर, म्हणजे तुल्यबिंदू : आम्ल संपलं, उरला ॲसिटेट, आणि तो आम्लारी आहे. पीएच ८.७२. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, 'तुल्यबिंदू म्हणजे ७' असं लिहिणं. दोन, ॲसिटेटची संहती ०.१०० धरणं. एकूण आकारमान ५०.० झालं, म्हणून ती ०.०५०० आहे.
३०.० मिलिलिटर : आता फक्त जादा हायड्रॉक्साइड मोजायचा. ०.५०० मिलिमोल भागिले ५५.० मिलिलिटर, पीएच ११.९६.

प्रत्येक बिंदूवर गणिताच्या आधी एक वाक्य लिहायला लावा : 'ह्या क्षणी चंबूत मुख्यतः काय आहे?' ते वाक्य बरोबर असेल तर पुढचं गणित आपोआप ठरतं. दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ, निवडतानाही तेच. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग साधारण ८.२ ते १० मध्ये बदलतो, म्हणून इथे चालतं. मिथिल ऑरेंजचा ३.१ ते ४.४ मध्ये, म्हणजे तुल्यबिंदूच्या खूप आधी.

समतोल
आता 'ले' ह्या अक्षराबद्दल कुणीतरी लिहा. 'कारण द्या' प्रश्नांत हुशार मुलंही अर्धे गुण घालवतात.

दर्शक
लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

प्रश्न : 'मॅग्नेशियम ऑक्साइडचा द्रवणांक सोडियम क्लोराइडपेक्षा बराच जास्त का?' नेहमीचं उत्तर : 'कारण त्यात आयनिक बंध मजबूत असतो.' ह्याला शून्य. प्रश्नच दुसऱ्या शब्दांत परत लिहिला आहे. पूर्ण उत्तर : दोन्ही आयनिक आहेत आणि वितळताना आयनांमधलं आकर्षण सैल करावं लागतं. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये आयनांवर अधिक २ आणि उणे २ प्रभार आहेत, सोडियम क्लोराइडमध्ये अधिक १ आणि उणे १. शिवाय मॅग्नेशियम आणि ऑक्साइडचे आयन सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांपेक्षा लहान, म्हणून अंतर कमी. कूलॉमच्या नियमाने प्रभार मोठे आणि अंतर कमी म्हणजे आकर्षण जास्त, म्हणून ऊर्जा जास्त लागते. द्रवणांक २८५२ आणि ८०१ अंश सेल्सिअस आहेत, पण ते पाठ असण्याला इथे गुण नाहीत.

तुलनेच्या उत्तरात दोन्ही पदार्थांची नावं आणि दोघांबद्दलची माहिती आलीच पाहिजे. 'ऑक्साइडचे प्रभार मोठे आहेत' ही अर्धी तुलना झाली. कशापेक्षा मोठे, ते लिहा. उत्तर लिहून झालं की मुलाने दोन्ही पदार्थांच्या नावांखाली रेघ मारावी. एकाच नावाखाली रेघ आली तर उत्तर अपुरं.

काही वाक्यं तपासनीस स्वीकारत नाहीत, ती वर्गातही स्वीकारू नयेत. 'फ्लोरिनला इलेक्ट्रॉन हवा असतो', 'अणूला अष्टक पूर्ण करायचं असतं' : इच्छा हे कारण नव्हे. 'आवर्तसारणीत उजवीकडे आहे म्हणून' : जागा हे कारण नव्हे, केंद्रकाचा प्रभार, कवचांची संख्या आणि इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण ही कारणं. पाठ केलेल्या कलावर विसंबून राहणारं मूल अपवादात अडकतं. पहिली आयनीकरण ऊर्जा नायट्रोजनची १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल. ऑक्सिजन उजवीकडे असूनही कमी, कारण त्याच्या २पी उपकवचामध्ये एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉन येतात आणि एकमेकांना ढकलतात.

आणखी एक जुनी चूक, उकळण्याची. 'पाणी उकळताना हायड्रोजन आणि ऑक्सिजनमधले बंध तुटतात.' रेणूच्या आतले सहसंयुज बंध तसेच राहतात, रेणूरेणूंमधलं आकर्षण तुटतं. बुडबुड्यात काय असतं, हे विचारा. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' असं उत्तर आलं तर त्या मुलाला अख्खं आंतररेण्वीय बलांचं प्रकरण पुन्हा शिकवावं लागेल.

आम्लारी
समतोलाच्या प्रकरणात 'ल शातेलिएच्या तत्त्वानुसार अभिक्रिया उजवीकडे जाईल' असं लिहिलं तर पूर्ण गुण मिळतात का?

चंबू
बहुधा नाही, आणि मिळू नयेत. तत्त्वाचं नाव घेणं म्हणजे भाकीत, कारण नाही. कारण क्यू आणि के ह्यांच्या तुलनेत असतं. के म्हणजे समतोल स्थिरांक, क्यू म्हणजे त्या क्षणीच्या संहतींवरून काढलेलं तेच गुणोत्तर. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनियाचा समतोल घ्या आणि आकारमान निम्मं करा. प्रत्येक संहती दुप्पट झाली. क्यू च्या अंशात अमोनियाचा वर्ग आहे, तो ४ पट. छेदात नायट्रोजन गुणिले हायड्रोजनचा घन, तो २ गुणिले ८, म्हणजे १६ पट. क्यू झाला के च्या एक चतुर्थांश. क्यू लहान, म्हणून अमोनिया तयार होण्याच्या दिशेने अभिक्रिया जाते, क्यू पुन्हा के एवढा होईपर्यंत. हे चार ओळींचं उत्तर कुठल्याही तपासनिसाला नाकारता येणार नाही.

ह्याच पद्धतीने फसवे प्रश्न सुटतात. आकारमान तेच ठेवून आर्गॉन सोडला? संहती कुणाचीच बदलली नाही, क्यू तोच, काही होत नाही. घन पदार्थ आणखी घातला? तो क्यू मध्ये येतच नाही. उत्प्रेरक घातला? दोन्ही दिशांचा वेग वाढला, क्यू आणि के तेच. तापमान बदललं तरच के बदलतो.

सौम्य आम्लाच्या गणितातली 'क्ष (आयनांत फुटलेल्या आम्लाची संहती) दुर्लक्षित करा' ही पायरी तपासल्याशिवाय घेऊ देऊ नका. ०.१० मोलर ॲसिटिक आम्लात क्ष येतो ०.००१३, म्हणजे १.३ टक्के, ठीक. तेच आम्ल ०.००१० मोलर असेल तर क्ष ०.०००१३४, म्हणजे १३ टक्के. ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली, वर्गसमीकरण सोडवावं लागतं आणि पीएच ३.८७ ऐवजी ३.९० येतो. फरक लहान दिसतो, पण पर्यायांत दोन्ही आकडे असू शकतात.

अवक्षेप
उष्णता आणि विद्युतरसायन थोडक्यात, कारण चुका ठरावीक आहेत.

५०.० मिलिलिटर १.० मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि तेवढंच, तितक्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं तर तापमान साधारण ६.८ अंशांनी वाढतं. मुलं वस्तुमान ५० ग्रॅम धरतात, द्रावण १०० ग्रॅम आहे. तयार झालेल्या पाण्याचे मोल ०.०५०, त्याने भागायचं विसरतात. आणि उष्णता बाहेर पडली तरी एन्थाल्पीला (अभिक्रियेच्या उष्णताबदलाला) उणे चिन्ह लावत नाहीत. मग विचारा : दोन्हींचं आकारमान १०० मिलिलिटर केलं तर तापमान किती वाढेल? उत्तर तेच ६.८, कारण उष्णता दुप्पट आणि वस्तुमानही दुप्पट. 'दुप्पट वाढेल' म्हणणाऱ्यांची संख्या पाहून पुढचा तास ठरवा.

जस्त आणि चांदीचा घट. चांदीच्या अर्धअभिक्रियेला इलेक्ट्रॉन जुळवायला २ ने गुणतात आणि सोबत ०.८० व्होल्टलाही गुणतात. विभव गुणायचा नाही. ०.८० अधिक ०.७६, म्हणजे १.५६ व्होल्ट. २.३६ आलं तर चूक कुठे झाली ते लगेच कळतं.

विद्युत अपघटन : २.०० ॲम्पिअर, ३० मिनिटं, तांब्याचं द्रावण. १८०० सेकंद, ३६०० कूलॉम, इलेक्ट्रॉनांचे ०.०३७३ मोल, तांब्याचे निम्मे, १.१९ ग्रॅम. मिनिटांचे सेकंद आणि शेवटचं 'निम्मे', दोन्ही ठिकाणी लाल खूण करून ठेवा.

घातांक
आकड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मधल्या पायरीत पूर्णांकन करू नये, उत्तर शेवटी एकदाच पूर्णांकित करावं. कॅल्क्युलेटरवर दहाचा घात त्यासाठी असलेल्या बटणानेच टाकावा. 'गुणिले १०, घात' असं टाकून त्या संख्येने भागलं की कंस नसल्यामुळे उत्तर भलतंच येतं. लॉगरिथममध्ये सार्थ अंक दशांशचिन्हानंतर मोजतात : संहती ०.००२० मध्ये दोन सार्थ अंक, म्हणून पीएच २.७० लिहायचा. २.७ नाही आणि २.६९९ही नाही.

कॅल्क्युलेटर नसलेल्या भागासाठी २ चा लॉग ०.३० आणि ३ चा ०.४८ एवढे दोनच पाठ हवेत. ४, ५, ६, ८, ९ चे त्यातूनच निघतात.

वायूंच्या गणितात एका मोलला २२.४ लिटर डोळे मिटून वापरू देऊ नका. ते ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरला. १९८२ पासून आययूपीएसी ह्या आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेच्या प्रमाण दाबात १ बार धरतात, तिथे २२.७ येतं. प्रश्नात तापमान २५ अंश असेल तर दोन्ही चुकीचे. दिलेल्या स्थिरांकांच्या पानावर काय छापलं आहे, ते पेपरच्या आधी माहीत असलंच पाहिजे.

आणि अंदाजाने खूण करण्याबद्दल, कारण हा प्रश्न नेहमी येतो. आधी गुणपद्धती वाचा. बरोबरला ४ आणि चुकीला उणे १, चार पर्याय असतील तर डोळे मिटून केलेल्या खुणेची सरासरी अधिक ०.२५. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ०.६७. बरोबरला १ आणि चुकीला उणे एक तृतीयांश असेल तर सरासरी शून्य, तिथे निदान एक पर्याय बाद झाल्याशिवाय खूण करू नये. चुकीला काहीच वजा होत नसेल तर एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

समतोल
फार उपयोगी. आता चुकांच्या वहीचं पुढे काय करायचं ते.

चुकलेला प्रश्न त्याच दिवशी समजावून दिला की मूल मान डोलावतं. ते शिकणं नव्हे. तोच प्रश्न उत्तर झाकून ३ दिवसांनी पुन्हा सोडवायचा, आणि १० दिवसांनी आकडे बदलून. दोन्ही वेळा बरोबर आला तरच वहीत त्यावर काट मारायची. सरावसंच प्रकरणवार देणं पहिल्या ४ आठवड्यांनंतर थांबवावं आणि प्रश्न सरमिसळ करून द्यावेत. प्रकरणाचं नाव वर छापलेलं असलं की कोणती पद्धत लावायची हा निर्णय आपणच घेऊन टाकतो, आणि परीक्षेत तोच निर्णय मुलाला घ्यायचा असतो. सरमिसळीच्या पहिल्या आठवड्यात गुण पडतात. घाबरून मागे फिरू नका.

बहुपर्यायी प्रश्नांसाठी एक व्यायाम. आठवड्यातून १० प्रश्न घ्या. बरोबर उत्तर आधीच सांगून टाका. उरलेल्या प्रत्येक पर्यायापुढे 'हे उत्तर कोणती चूक केल्याने येतं' ते लिहायला सांगा. वर ब्युरेट यांनी दिलेलं २०.० मिलिलिटर किंवा अवक्षेप यांचं २.३६ व्होल्ट, असे सापळे मुलांना मग दुरूनच दिसू लागतात.

ब्युरेट
ह्यात आयनिक समीकरणं विसरू नका. रोज ५, उभ्याने, फळ्यावर. सौम्य आम्ल, अविद्राव्य घन आणि वायू आयनांत कधीच फोडायचे नाहीत. ॲसिटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या समीकरणात डावीकडे सुटा हायड्रोजन आयन लिहिला की गुण गेला. तिथे अख्खा ॲसिटिक आम्लाचा रेणू आणि हायड्रॉक्साइड, उजवीकडे ॲसिटेट आणि पाणी. शेवटी दोन्ही बाजूंचे अणू मोजायचे आणि प्रभारही. प्रभार मोजायचा राहतो.

वाचक
मी पालक आहे, रसायनशास्त्र येत नाही. घरी काय मदत करता येईल?

समतोल
बरंच काही. पूर्ण पेपर सुरू असताना घड्याळ तुम्ही सांभाळा आणि वेळ संपल्यावर पेन बदलून द्या. चुकांच्या वहीतले ३ आणि १० दिवसांचे प्रश्न उत्तर झाकून तुम्हीच समोर ठेवा, त्यासाठी विषय यावा लागत नाही. कोणत्याही गणिताच्या उत्तराकडे बोट दाखवून दोनच प्रश्न विचारा : 'ह्याचं एकक काय?' आणि 'हा आकडा शक्य आहे का?' १० ग्रॅम पदार्थ घेऊन ४०० ग्रॅम तयार झालं असेल तर ती गडबड तुम्हालाही दिसेल.

दर्शक
आणि 'कारण द्या' चं उत्तर मोठ्याने वाचून घ्या. 'ते जास्त असतं' असं वाक्य आलं की थांबवा आणि विचारा : 'ते' म्हणजे काय, आणि कशापेक्षा जास्त? तपासनीस नेमकं हेच विचारतो, फक्त त्याला तोंडी विचारता येत नाही.

वाचक
आज रात्रीच एका उत्तरावर करून पाहते. वहीत पाच अक्षरांचे रकाने आखून ठेवले आहेत. एक विचारायचं राहिलं : एकाच चुकीला दोन अक्षरं लागू होत असतील तर?

समतोल
जी चूक आधी झाली तिचं अक्षर लिहा. मिलिलिटरचे लिटर केले नाहीत म्हणून पुढची आकडेमोड चुकली असेल तर ती 'ए', 'हि' नाही.